स्टोअरच्या खिडकीपाशी पाय जड का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. पाळीत साठेक माणसं. पगार वेळेवर होतो, भांडणतंटा नाही. पण माणसं मरगळल्यासारखी वावरतात, सांगितलं तेवढंच करतात. एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं की कर्मचाऱ्याला कामावरचे संबंध स्वतः घडवू दिले, तर त्याची ऊर्जा वाढते आणि कामही सुधारतं. आमचे शेठ म्हणतात, ही पुण्या-मुंबईच्या ऑफिसांची थेरं आहेत. यात खरंच तथ्य आहे का? असेल तर आमच्यासारख्या ठिकाणी सुरुवात कुठून करायची?"

तथ्य आहे. पण ट्रेनिंगमध्ये ज्या गोड आवाजात ते सांगतात, तसं ते शेडमध्ये घडत नाही. त्यामुळे शेठ म्हणतात त्यातही थोडं खरं आहे.

माझी तीस वर्षं याच कामात गेली. धुळ्याच्या एका सूतगिरणीत टाइम ऑफिसला हजेरी लिहिण्यापासून सुरुवात केली. शेवटची बरीच वर्षं जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या एका लहानशा ठिबक नळीच्या कारखान्यात माणसांचं खातं सांभाळलं. मध्ये एका डाळ मिलचाही हिशेब बघत होतो. जे लिहितोय ते बहुतेक तिथलं आहे, थोडंफार वाचलेलं.

आधी एक सांगतो. हा प्रश्न तुम्ही कोणत्या महिन्यात विचारताय ते लिहिलेलं नाही. मे महिना असेल तर संबंधांचं नंतर बघू. पारा 45 च्या वर गेला की पत्र्याखाली, एक्स्ट्रूडरच्या, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून नळी काढणाऱ्या मशीनच्या, हीटरशेजारी उभा राहणारा माणूस मंदच होणार. एक्झॉस्ट फॅन चालू आहेत का, प्यायचं पाणी गार आहे का, दुपारच्या पाळीत आलटून-पालटून सावलीत बसायला एक जादा माणूस आहे का, हे आधी बघा. लागोपाठ डबल ड्यूटी करणाऱ्याचंही तसंच. ज्याची झोप झालेली नाही त्याला संबंध देऊन काय करायचंय, त्याला सुट्टी द्या. हे सगळं ठीक असूनही माणसांनी अंग टाकलेलं असेल, तर पुढचं वाचा.

"ऊर्जा" हा शब्द शेडमध्ये कुणी वापरत नाही. आपल्याकडे हुरूप म्हणतात. मीही तेच म्हणतो, कारण हुरूप कशानं तरी "येतो", कुणाकडून तरी येतो. तो माणसाच्या अंगात साठवलेला नसतो.

तुम्ही जे ऐकलंत त्याचं मूळ 2001 सालच्या एका लेखात आहे. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन अमेरिकन अभ्यासक. त्यांनी इस्पितळात साफसफाई करणाऱ्या लोकांशी बोलून पाहिलं. काम एकच, पगार सारखा, झाडू-फडकं तेच. पण काहींनी ते काम नेमून दिल्याएवढंच ठेवलं होतं, माणसांशी संबंध टाळून. आणि काही जण पेशंटशी दोन शब्द बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, नर्सची धावपळ बघून आपली फरशी पुसायची वेळ बदलत. दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांना तेच काम महत्त्वाचं वाटत होतं, त्यात कौशल्य आहे असंही वाटत होतं. लेखात मांडलंय ते असं: माणूस आपलं काम तीन बाजूंनी हळूच बदलत असतो. काय करायचं, कुणाशी किती संबंध ठेवायचा, आणि कामाकडे कसं बघायचं. त्यातली मधली बाजू म्हणजे तुमचा प्रश्न. हे सगळं साहेबानं सांगून घडलेलं नव्हतं, एवढं इथं ध्यानात ठेवा. पुढं कामाला येईल.

आता माझ्याकडची गोष्ट.

आमच्याकडे एक एक्स्ट्रूडर ऑपरेटर होता, एरंडोलकडचा. चाळिशीचा, हाताला चांगला. पण त्याच्या लाइनवर रिजेक्शन, म्हणजे नापास माल, सतत. नळीच्या आत पाणी थेंबथेंब सोडणारा ड्रिपर बसतो आणि बाहेरून नेमकं त्याच्यावर भोक पडावं लागतं. भोक सरकलं तर पाणी येत नाही, ड्रिपर नसलेल्या जागी पडलं तर पिचकारी उडते. त्याला मी दोनदा बोललो, एकदा मेमो दिला. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मनं काम नळी काढानं. ती कोठे जास, माले काय माहीत?"

त्या वाक्यात उद्धटपणा नव्हता, खरी गोष्ट होती. चौदा वर्षं तो नळी काढत होता आणि ती शेतात पसरलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. स्वतः कोरडवाहू कापूसवाला. ठिबक त्याच्या शेतात नव्हतंच.

पुढे एकदा रावेरकडून तक्रार आली. सर्व्हिसचा पोरगा रजेवर होता, म्हणून मी या ऑपरेटरला गाडीत घातलं आणि गेलो. मनात काही योजना वगैरे नव्हती, माणूस हवा होता एवढंच. केळीचा बाग, पाच बाय पाच फुटांवर लावलेली खोडं, वरून ऊन मी म्हणत होतं. शेतकऱ्यानं एका ओळीत नेलं. सुरुवातीलाच एका ठिकाणी पिचकारी उडत होती, खाली चिखल. मग तो आम्हाला त्याच ओळीच्या टोकाला घेऊन गेला. तिथली खोडं पिवळी पडलेली. "हे भोक कोनं पाडलं रे भो? वरतून पानी निघून जातं, आन खाली हे असं." ऑपरेटर काही बोलला नाही. खाली बसला, नळी बोटांनी चाचपत राहिला. मग त्यानं शेतकऱ्याला विचारलं की दुपारी नळी किती सैल पडते, रात्री किती आखडते. शेतकरी खूश झाला, हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दोघं अर्धा तास ओळीतून फिरत होते आणि मी बांधावर बसून केळं खात होतो.

परत आल्यावर तो माणूस पार बदलून गेला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. तो तसाच अबोल राहिला. पण कॉइल बांधायच्या आधी शेवटचे काही फूट तो हातानं चाचपायला लागला. पंचिंगची पिन झिजली की आधी पाळी संपेपर्यंत ओढायचा, आता लगेच बदलायचा. शेतकऱ्याचा फोन नंबर त्याच्याकडे होता. निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडायच्या, वेळी त्यानं फोन करून बाग कसा आहे विचारलं, हे मला शेतकऱ्याकडून कळलं. रिजेक्शन कमी झालं. मेमोनं झालं नव्हतं ते.

याला दुजोरा देणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली तो प्रसिद्ध केला. मिशिगन विद्यापीठात काही तरुण फोनवरून देणग्या गोळा करायचे, त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळायची. एका गटाला अशा एका विद्यार्थ्याशी फक्त 5 मिनिटं भेटवलं. महिन्याभरानं पाहिलं तर त्या गटाचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढली होती. ट्रेनिंगवाले हे आकडे फार मिरवतात. तुम्ही शेठना सांगू नका. फोन करणाऱ्याच्या हातात त्याचा वेग असतो. तुमच्या एक्स्ट्रूडरचा आणि लूमचा वेग ठरलेला असतो. कारखान्यात हुरूप दिसतो तो उत्पादनाच्या आकड्यात फारसा नाही, तर रिजेक्शनमध्ये, स्क्रॅपच्या ढिगात, मशीन बंद पडल्यावर ते चालू व्हायला लागणाऱ्या वेळात, आणि बिघाड होण्याआधी कुणी "साहेब, आवाज वेगळा येतोय" म्हणतो का, यात. शोधायचंच असेल तर तिथं शोधा.

तुमच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवाला प्लॅस्टिकचा पाइप काढतो आणि लूमवाला तो विणतो. मध्ये भिंत आहे, बरोबर? लूमवर पाइप तुटला की लूमवाला शिव्या कुणाला देतो? तुम्हाला. तुम्ही चिठ्ठी लिहून पलीकडे देता. एक्स्ट्रूडरवाल्याला चिठ्ठी दिसते, तुटलेला पाइप दिसत नाही, आणि विणताना थांबलेला माणूस तर दिसतच नाही. तुम्ही चांगल्या मनानं मध्ये उभे आहात. पण त्यामुळे दोन माणसांमधला रस्ता तुमच्या अंगावरून जातो. रंग बदलताना किंवा डाय (पाइपला आकार देणारा साचा) साफ होत असताना एक्स्ट्रूडरवाल्याला अर्धा तास लूमपाशी जाऊ द्या. पाठवू नका, जाऊ द्या. पहिल्या खेपेला दोघं एकमेकांवर ढकलतील. तेव्हा तुम्ही तिथं नसलेलं बरं.

आता ज्या गोष्टीसाठी हे शीर्षक दिलंय तिच्याकडे येतो. बहुतेक कारखान्यांत हुरूप मारणारी एक ठरावीक जागा असते. आमच्याकडे ती स्टोअरची खिडकी होती.

एकदा मी सगळ्यांना नाव न लिहिता दोन प्रश्नांची उत्तरं चिठ्ठीवर द्यायला सांगितली. गेल्या आठवड्यात कुणाशी बोलून कामाला हुरूप आला? आणि कुणाकडे जायचं म्हटलं की पाय जड होतात? पहिल्याला वेगवेगळी नावं आली. दुसऱ्याला निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच शब्द: स्टोअर. हीटर बँड जळालाय, बेअरिंग गेलंय, कटरचं ब्लेड बोथट झालंय, की माणसानं चिठ्ठी करायची, सुपरवायझरची सही आणायची, खिडकीत उभं राहायचं. आतला स्टोअरकीपर चष्मा पुसणार, रजिस्टर उघडणार, "परवाच तर नेलंत" म्हणणार. लोकांनी काय करायला सुरुवात केली होती माहितीये? बोथट ब्लेडनंच काम ओढायचं, पण खिडकीत जायचं नाही.

मला वाटलं माणूस खडूस आहे. मी त्याला समजावलं. मग दोन तासांचं शिबिर घेतलं, बाहेरून एक सर आणले, "संवादाची कला" वगैरे. टाळ्या झाल्या, समोसे झाले. खिडकी होती तशीच.

खरं कारण मला सहा महिन्यांनी कळलं, तेही त्याच्या घरी सत्यनारायणाला गेलो तेव्हा. आधीच्या मॅनेजरच्या काळात वर्षअखेरच्या मोजणीत काही बेअरिंगं कमी भरली होती आणि त्याच्या पगारातून पैसे कापले होते. पोरीच्या लग्नाच्या वर्षी. तेव्हापासून खिडकीतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्याला आपल्या खिशातून जाते असं वाटत होतं. आणि खिडकीबाहेर उभ्या ऑपरेटरची गत काय? मशीन जितका वेळ बंद, तितका त्याच्या नावावर डाग. दोघंही आपापल्या जागी बरोबर. त्यांचं नातं बिघडवलं होतं हिशेबाच्या पद्धतीनं, आणि मी स्वभावावर औषध करत बसलो होतो.

मग उपाय साधा होता. शेडमध्ये एक कपाट ठेवलं. रोज लागणाऱ्या वस्तू त्यात, किल्ली पाळीच्या ऑपरेटरकडे, नोंद त्यानं स्वतः करायची. वस्तू कपाटात गेली की स्टोअरकीपरची जबाबदारी संपली. आठवड्यातून एकदा दोघांनी बसून कपाट भरायचं. महागाचे सुटे भाग खिडकीतूनच.

दोन महिन्यांनी एक दिवस स्टोअरकीपर स्वतः शेडमध्ये आला. त्याला तिथं बघून लोक चकितच झाले. तो तिसऱ्या लाइनच्या ऑपरेटरला विचारत होता, "तुझे हीटर इतके काबरं जळतात?" मग दोघांनी रजिस्टर काढलं. एका पुरवठादाराकडून स्वस्तात घेतलेली लॉट आली की जळण्याचं प्रमाण वाढत होतं. ही माहिती त्या रजिस्टरमध्ये कित्येक महिने पडून होती. खिडकीच्या आतल्याला ती विचारणारं कुणी नव्हतं, आणि बाहेरच्याला ती तिथं आहे हे ठाऊक नव्हतं. ट्रेनिंगमध्ये संबंध सुधारल्यानं "वातावरण छान होतं" असं सांगतात. छान होतंही. पण शेठच्या कामाची गोष्ट ही आहे: ज्याच्याकडे माहिती आहे आणि ज्याला ती हवी आहे, त्यांच्यामधला जडपणा गेला की पैसे वाचतात.

याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारच्याच गुजरातेत होऊन गेलंय, 1953 साली, अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये. स्वयंचलित माग बसवले होते, पण अपेक्षेएवढं उत्पादन निघत नव्हतं आणि कापडात दोष फार. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या माणसांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे ए. के. राइस तिथं गेले. त्यांनी पाहिलं की कामाचे तुकडे करून ते वाटलेले आहेत. तुटलेला धागा जोडणारा एक, बॉबिन भरणारा दुसरा, तेल घालणारा तिसरा, आणि प्रत्येकाकडे मागांची संख्या वेगळी. त्यामुळे एका मागापाशी कोण कुणाबरोबर काम करतोय हे कधी ठरलेलंच नसे. राइस यांनी सुचवलं, लहान गट करा आणि प्रत्येक गटाला आपले स्वतःचे माग द्या. पुढचं कामगारांनी आणि सुपरवायझरांनी उचललं, गट लोकांनी आपले आपण पाडले. उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. कुणालाही "एकमेकांशी प्रेमानं वागा" म्हणून सांगितलं नव्हतं. अमळनेर, धुळे, चाळीसगाव, जळगाव, आपल्या खान्देशातही गिरण्यांचा तो काळ होता. धुळ्याच्या सूतगिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, मला सांगायचे की जोडीदार कोण यावर पाळी हलकी की जड ते ठरतं. राइसचं नावही त्यांनी ऐकलं नसेल.

आता दुसरी बाजू. ती ट्रेनिंगमध्ये सहसा येत नाही.

संबंध म्हणजे चांगलंच, असं नसतं. आपल्याकडे तर कारखान्यात माणूस येतो तेव्हा नाती बरोबर घेऊनच येतो. एका गावचे बारा जण, एकाच शटलनं पाचोऱ्याहून येणारे आठ, भावकीतले चार, शिवाय आता यूपी-बिहारची पोरं, एका खोलीत सहा राहणारी. ही नाती घट्ट असतात. त्यांत आधार असतो, आणि कामाची मर्यादाही तिथंच ठरते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये 14 पुरुषांच्या एका गटाचा अभ्यास झाला होता. त्यांनी आपापसांत दिवसाचं काम किती करायचं ते ठरवून टाकलं होतं. कुणी जास्त केलं तर चिडवायचे, दंडावर ठोसा मारायचे. जास्त कामाला जास्त पैसे होते, तरीही. तुमच्याकडे "सांगितलं तेवढंच" चाललंय म्हणता, त्यामागे असा ठराव आहे का ते बघा. तो मोडायला जाऊ नका. त्यामागे बहुधा भीती असते: आज जास्त केलं तर उद्या तेच टार्गेट होईल. ही भीती शेठनं पूर्वी एकदा तरी खरी करून दाखवलेली असते. तसं झालं असेल तर आधी शेठनं शब्द द्यावा लागेल, आणि पाळावा लागेल.

म्हणून मी कामावरची नाती घडवण्याचा अर्थ "अजून जवळीक" असा घेत नाही. जवळीक असलेल्यांत आहेच. कामाची साखळी जिथं तुटते तिथं नवा धागा लागतो: एक्स्ट्रूडर ते लूम, लूम ते पॅकिंग, रात्रपाळी ते दिवसपाळी. पाचोऱ्याचा आणि गोरखपूरचा यांची मैत्री व्हायलाच हवी असं नाही. पाळी बदलताना पाच मिनिटं मशीनपाशी दोघं एकत्र उभे राहिले आणि एकानं दुसऱ्याला "हा हीटर आज नखरे करतोय, बघ" एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. त्यासाठी त्या पाच मिनिटांचा पगार द्या. घड्याळावर डोळा ठेवून पळणारा माणूस काही सांगत नसतो.

माझी सगळ्यात मोठी फजिती इथंच झाली, म्हणून तीही सांगतो. एका हिवाळ्यात मी ठरवलं, सगळ्या खात्यांची भरीत पार्टी करायची. बामणोदची वांगी, कळण्याच्या भाकरी, शेतात चूल, कागदावर तर झकास दिसत होतं. पण मी काय केलं? शनिवारी पाळी सुटल्यावर ठेवली. हजेरी घेतली. कोण कुठं बसेल तेही लिहून काढलं, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांची माणसं "मिसळतील". शेवटची बस चुकेल म्हणून निम्मे जण ताटावर बसून घड्याळ बघत होते. उपवासवाले दोघं उपाशी बसून राहिले. एका जुन्या फिटरनं जाताना म्हटलं, "साहेब, भरीत मस्त होतं, पण ओव्हरटाइम लिहिला का?" सोमवारी खात्याखात्यांत माझी नक्कल चालली होती.

गंमत म्हणजे पंधरा दिवसांनी त्याच लोकांनी, मला न सांगता, आसोद्याकडच्या एकाच्या मळ्यात आपली पार्टी केली. वर्गणी काढून. तिथं लूज टूल्सवाला (सुटी हत्यारं सांभाळणारा) आणि मेंटेनन्सवाला रात्री अकरापर्यंत बसले होते, आणि पुढे त्या दोघांचं फार चांगलं जमलं. वांगी तीच, चूल तीच. माझ्या पार्टीत माणसांचा हुरूप खर्च झाला, त्यांच्या पार्टीत आला. ठरवण्याची मुभा कुणाकडे होती, एवढाच फरक. इस्पितळातल्या त्या सफाईवाल्यांचं जे ध्यानात ठेवा म्हटलं होतं, ते हेच.

डाळ मिलमध्ये उलटं पाहिलं. सॉर्टिंगचं मशीन येण्याआधी तुरीची डाळ निवडायला बाया बसायच्या, गोल करून, गप्पा मारत. नव्या मुनिमाला वाटलं गप्पांत वेळ जातो, त्यानं त्यांना ओळीत, पाठमोरं बसवलं. गप्पा थांबल्या. कामही मंदावलं, दुपारनंतर पाठदुखीच्या तक्रारी सुरू. आठवड्यात शेठाणी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "यांना गोल बसू द्या." त्यांनी कुठलाही अभ्यास वाचलेला नव्हता.

आणखी एका माणसावर लक्ष ठेवा. ज्याच्याकडून सगळ्यांना हुरूप येतो तो. आमचा एक इलेक्ट्रिशियन होता. कुणाचीही मशीन अडली की "आप्पा, या ना", आणि आप्पा निघाले. चिठ्ठ्यांवर पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त त्यांचंच नाव. मी त्यांना शाबासकी दिली, प्रमाणपत्र दिलं, आणि आणखी दोन पोरं शिकवायला दिली. वर्षभरानं ते आजारी रजा टाकायला लागले, चिडचिड करायला लागले. घरी भेटायला गेलो तर म्हणाले, "सगळे माझ्याकडे येतात. मी कोणाकडे जाऊ?" सगळ्यांच्या मदतीला धावणाऱ्याचं स्वतःचं काम पाळी संपल्यावरच उरकलं जातं. मग आम्ही दुपारचे दोन तास त्यांना फक्त त्यांच्या पॅनेलवर ठेवलं. तेव्हा हाक मारायची नाही, असा नियम. काही जण कुरकुरले. पण माणूस टिकला. कोण किती संबंध वाढवतो याचं कौतुक करताना, त्याला ते कमी करण्याचीही मोकळीक हवी. कुणी घुमा असेल, आपल्या मशीनपाशी एकटा खूश असेल, तर त्याला ओढून गटात बसवू नका.

बायका काम करत असतील तिथं तर विशेष सांभाळा. "संबंध वाढवा" हे वाक्य काही पुरुष सोयीनं ऐकतात. 10 किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं अंतर्गत समिती लागतेच. ती कागदावरची नसावी.

आणि तुम्ही स्वतः. 2016 मध्ये ब्रॅडली ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी अभ्यास मांडला होता: साहेबाशी बोलल्यावर माणसाला हुरूप येतो की नाही, याचा त्याच्या कामातल्या गुंतण्याशी आणि पुढं कामगिरीशी संबंध दिसतो. मला याची एक घरगुती परीक्षा माहीत आहे. तुम्ही शेडमध्ये शिरलात की माणसं चाललेलं बोलणं थांबवतात का? थांबवत असतील तर तुम्हाला बिघाड सगळ्यात शेवटी कळत असणार. इस्पितळांतल्या औषधचुकांचा अभ्यास करणाऱ्या एमी एडमंडसन यांना सुरुवातीला उलटंच दिसलं होतं, चांगल्या टीममध्ये चुका जास्त. नंतर उलगडलं की तिथं चुका सांगायला लोक घाबरत नव्हते, एवढंच. तुमच्या रजिस्टरमध्ये बिघाडाच्या नोंदी फार कमी असतील, तर मी तरी खूश होणार नाही.

सुरुवात कुठून, हे विचारलंत. सगळ्या साठांपासून नको. एक एक्स्ट्रूडर आणि तो ज्यांना पाइप पुरवतो ते लूम, एवढंच घ्या. दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या घ्या, पण वाचून झाल्यावर जाळा, आणि जाळताना लोकांना दिसू द्या. ज्याचं नाव दुसऱ्या प्रश्नाला येईल त्याला बोलावून झापू नका. तो ज्या खुर्चीत बसलाय ती खुर्ची त्याला कशाची शिक्षा करते ते शोधा. मग एक अडथळा काढा, एकच. दोन महिने स्क्रॅपचं वजन आणि मशीन बंद राहण्याची मिनिटं लिहून ठेवा, आधीच्या दोन महिन्यांचीही. मध्ये आखाजी किंवा कानबाईचे रोट असा सण आला तर ते दिवस वगळा, त्या आठवड्यात निम्मी पाळी गावी असते आणि आकडे उगाच फसवतात. शेठना ऊर्जा, संबंध असले शब्द सांगूच नका. स्क्रॅपचा काटा दाखवा.

फरक नाही पडला तर? शक्य आहे. मग बहुधा तुम्ही चुकीचा अडथळा काढलात, किंवा पगाराबद्दल काहीतरी आहे जे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. चहाच्या टपरीवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं.

उद्या एक करा. तुमच्या कारखान्यातही अशी एखादी खिडकी असणार, स्टोअरची, टाइम ऑफिसची नाहीतर अकाउंटची. चार वाजता, पाळीच्या ऐन गर्दीत, सुपरवायझरचं ओळखपत्र खिशात टाकून एखादा पान्हा मागायला तिथं स्वतः उभे राहा.